भोंगाबायचा भादवा

भोंगाबायला माईक तोंडाजवळ धरलेला अजिबात चालायचा नाही. पाण्याची बाटली धरावी तसा ती तो कमरेशी धरायची, आणि तरीही मांडवाच्या मागे चुलाणावर भात उपसणाऱ्या बायांना तिचा शब्द न् शब्द कळायचा. नवखा साउंडवाला असला की धावत यायचा, "ताई, माईक वर घ्या, माईक वर!" ती त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. गाणं संपल्यावर सावकाश म्हणायची, "तुझी पेटी बंद केलीस तरी चालंल रं. जा, जेवून घे."

भोंगा म्हणजे लग्नात खांबाला बांधतात तो कर्णा. हे नाव तिला कुणीतरी चिडवायला ठेवलं होतं. तिने ते उचललं आणि गाडीच्या काचेवर मोठ्या लाल अक्षरांत रंगवून घेतलं, 'भोंगाबाय आणि पार्टी'. जव्हार, मोखाडा, खोडाळा, पार विक्रमगडापर्यंत लग्न असलं की आधी भोंगाबायची तारीख बघायचे आणि मग मुहूर्त. अतिशयोक्ती वाटते? वाटू द्या. मी त्या पार्टीत कॅसिओ वाजवायचो, मला माहीत आहे. मला ती 'क्याशो' म्हणायची. तिचं बघून सगळा पाडा म्हणायला लागला. आज जव्हारच्या बाजारात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, पण म्हाताऱ्या बाया अजूनही 'क्याशोचं दुकान कुठं' असंच विचारत येतात.

तिला नाव मिळालं ते 'सासूची स्कूटी' या गाण्याने. सून पायी आणि सासू स्कूटीवर, एवढीच त्याची कथा. पण ते गाणं लागलं की नवरदेवाची आजीसुद्धा कंबर हलवायची. शिकलेली मंडळी नाक मुरडायची, 'आपल्या आदिवासी समाजाला शोभत नाही' म्हणायची. भोंगाबाय त्यांच्या तोंडावर हसायची. "स्कूटीनं मला खायला घातला. तुमच्या शोभेनं काय घातला?" तिचं हे बोलणं मला फार आवडायचं. अजून आवडतं.

असं सगळं झकास चाललेलं असताना एका बाजारच्या दिवशी खोडाळ्यात भजी खाता खाता ती म्हणाली, "क्याशो, आता माझा गाना काढायचा. सगळी गानी मिळून एक अल्बम. शिटीतल्या स्टुडिओत."

मी खूश झालो. म्हटलं, "काढू की! नवा बीट टाकतो, असा टाकतो की..."

"बीट नको. कॅसिओ पन नको. तारपा पायजेल."

माझ्या घशात भजी अडकली. इतकी वर्षं हिच्या मागे पेटी बडवली आणि आता 'कॅसिओ नको'! दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिने ते लक्षात तरी घेतलं असेल की नाही, देव जाणे.

आमच्याकडे तारपा वर्षभर वाजत नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. भोपळा, बांबू आणि मेण यांचं ते लांबलचक वाद्य एरवी घरात टांगलेलं असतं. भादव्यात हळवं, म्हणजे लवकर येणारं भात पिकायला लागलं की ते खाली उतरतं, दिवाळीनंतर पुन्हा वर जातं. मधल्या काळात कुणी फुंकायचं नाही. अवकाळी तारपा वाजला तर कणसरी, म्हणजे आमची धान्याची देवी, रुसते आणि कणसात दाणा भरत नाही. आमच्या पाड्याचा तारपा वाजवायचे सोमाबाबा. भोंगाबायचे ते लांबचे चुलते. तारपा एकदा तोंडाला लावला की चाल संपेपर्यंत काढायचा नाही, नाकाने श्वास घ्यायचा आणि गालातला सोडत राहायचा, हा त्यांचा धर्म. एकदा मेणाच्या वासाने आलेली मधमाशी त्यांच्या पापणीवर डसली. डोळा सुजून बंद झाला, पण चाल पुरी झाल्याशिवाय म्हाताऱ्याने तोंड काढलं नाही.

तारप्याबरोबर गाणं म्हणत नाहीत, नुसतं नाचतात, असं मला एका पाहुण्याने पुस्तकात दाखवलं होतं. पुस्तक राहू द्या तुमच्यापाशी. साखरशेताच्या पुढे आमचा पाडा आहे, तिथल्या बाया तारप्याच्या चालींवर शब्द बसवून म्हणतात, हे मी लहानपणापासून या कानांनी ऐकलंय. भोंगाबायची आई त्यात पहिली. तिची गाणी भोंगाबायला सगळी पाठ होती आणि तीच तिला काढायची होती. अल्बमचं नावही तिनेच ठरवलं, 'भादवा'.

सोमाबाबा भादव्याशिवाय फुंकणार नाहीत, म्हणून स्टुडिओची तारीख भादव्यातली धरली. लग्नसराईच्या आधी काढला असता तर जास्त चालला असता, हे मीही सांगितलं आणि स्टुडिओवाल्यानेही सांगितलं. "चालायला काय तो बैल हाय?" एवढंच तिचं उत्तर.

नाशिकला एका इमारतीच्या तळघरात तो स्टुडिओ होता. टेम्पोतून उतरलो ते आम्ही नाचणारी माणसं, सोमाबाबा, तारपा आणि खळ्यातल्या मातीची पोती. होय, मातीची. खोलीतला जाड गालिचा बघून भोंगाबाय म्हणाली, "ही गोधडी काढा. हिच्यावर पाय वाजत नाही." आधी तिला जमीन शेणाने सारवायची होती. रेकॉर्डिस्ट भला माणूस, पण शेणाचं नाव काढल्यावर त्याला घाम फुटला. शेवटी मातीवर तडजोड झाली. मग त्याने समजावून सांगितलं की आधी तारपा वेगळा रेकॉर्ड करू, मग आवाज, मग पाय, नंतर सगळं जोडू. भोंगाबायने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "नवरा आज, नवरी उद्या अन् वऱ्हाड परवा, असा लगीन बघलास कधी तू?"

सगळं एकदमच रेकॉर्ड झालं. सोमाबाबा मध्ये फिरत होते, बाकीचे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्यांच्याभोवती. तारपेवाल्याकडे पाठ करायची नसते, तो वळेल तसा फेर वळतो. मला तिने घोळकाठी दिली होती, म्हणजे जमिनीवर आपटून ठेका धरायची छुमछुमती काठी. तिच्या आईच्या गाण्यात मी ऐन भरात एका वायरीत अडकलो आणि थांबलो. लगेच भोंगाबाय गाता गाताच कडाडली, "कोन थांबला रं? पाय चालवा!" आणि पुढच्याच श्वासात ओळ उचलली. सोमाबाबांचा सूर हललासुद्धा नाही.

रेकॉर्डिस्ट म्हणाला, "बाकी उत्तम झालंय, तेवढं ओरडणं कापतो."

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "माझी आई असाच वरडायची. फेरात कोनतरी थांबतोच, कोनतरी वरडतोच. ते काढलास तर राहिला काय?"

दिवाळीनंतर 'भादवा' मोबाइलवर आला. चॅनेल माझ्या फोनवरून चालायचं, म्हणून पहिला मार मी खाल्ला. 'हे मयताला लावा.' 'स्कूटी कुठे गेली?' 'रेकॉर्डिंग फालतू, पायांचा आवाज येतो.' 'ही बाई मध्येच कोणावर ओरडते?' 'डीजे लावा, नाहीतर घरी बसा.' मी एकेक वाचून दाखवायचो, ती चहा पीत उत्तर सांगायची आणि मी ते टाइप करायचो. पायांचा आवाज येतो म्हणणाऱ्याला तिने लिहायला लावलं, 'मानसं नाचतात, भुतं नाही.' शहरातल्या एका बाईंनी मात्र खूप कौतुक केलं होतं. हे संगीत लावून मी रोज ध्यानाला बसते, असं लिहिलं होतं. मला वाटलं, आता तरी बाय खूश होईल. ती भडकलीच. "तिला सांग, ह्या गान्यावर बसायचं नसतं. उठायचं असतं!"

जव्हारजवळच्या शिरपामाळावर गाड्या घेऊन फिरायला येणारे लोक अजून स्कूटीच लावत होते. त्या लग्नसराईला आमची बोलावणी निम्म्याने घटली. एका मांडवात तिने 'भादव्या'तलं एक गाणं तारप्याशिवाय नुसत्या आवाजावर सुरू केलं, तर पोरांनी शिट्ट्या मारून मारून गोंधळ घातला. तिने गाणं थांबवलं नाही. पोरं दमली. दुसरा कुणी असता तर मुकाट्याने अल्बम काढून टाकला असता आणि स्कूटीचा दुसरा भाग काढला असता. मी तसं सुचवलंही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कॅसिओची वायर गुंडाळायला लागलो.

हे सगळं ती हसून झेलत होती, कारण तिला दुसरीकडून फोन येत होते. दिवाळी झाली की आमचा पाडा रिकामा होतो. ट्रक येतो, माणसं चढतात आणि भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर उतरतात. होळीला चार दिवस घरी येतात, परत जातात, पावसाच्या तोंडाशी तिथला मुक्काम हलवून घरी येतात. भोंगाबायचं अर्धं बालपण तिथेच चिखल मळण्यात गेलं होतं. त्या भट्ट्यांवरून फोन यायचे. "बाय, तुझा गाना लावला. आमी सगळी नाचलो, मुकादम बघत राहिला." "बाय, तू वरडलीस तर माझी आयस दचकली, बोलली, ही तर भोंगाची आई!" असे फोन आले की भोंगाबाय ओटीवर बसून नुसती हं हं करायची. तेवढाच वेळ तिचा आवाज बारीक व्हायचा.

पण हेच पाड्यातल्या जुन्या माणसांना खुपलं. होळीला सगळे घरी आले, भट्टीवरच्या नाचाच्या गोष्टी सांगायला लागले आणि सोमाबाबांच्या कानावर गेलं की आपला तारपा माघात वाजतोय. म्हातारा पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी बैठक बसली. सोमाबाबा एवढंच बोलले, "मी भादव्यात फुंकला. माझा दम आता बारमास वाजतो. मला इचारला कोनी?"

भोंगाबाय म्हणाली, "फुंकला तवा भादवाच होता, बाबा."

"आयकला तवा?"

"आयकला तवा ती मानसं भट्टीवर होती. त्यांना पोटाला घालून गावानं इथं ठेवला का? नाही ठेवला. मग गावाचा नियम त्यांना कसा लावता? त्यांच्यापाशी भादवा तेवढाच हाय, जेवढा फोनात हाय."

भट्टीवरून आलेली माणसं खाली बघत होती. मला संताप आला होता. अरे, तुमच्यासाठी भांडतेय ना ती, एकाने तरी तोंड उघडा! शेवटी ठरलं ते असं : गाणी मोबाइलवरून काढायची. नाही काढली तर भोंगाबाय फेरात येणार नाही. ती आली तर सोमाबाबा तारपा खाली उतरवणार नाहीत.

"मग नाही येत," ती म्हणाली आणि उठली.

फेराबाहेर राहायचं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. चालायला लागल्यापासून तिचा एकही भादवा फेराशिवाय गेला नव्हता. घरी जाताना ती वाटेतच पाठ करून उभी राहिली. मला वाटलं, रागाने. जवळ गेलो तर ती रडत होती, आणि रडू येतंय याचाही तिला राग आला होता. "बघतोस काय?" म्हणाली. "फोन दे. गानी हायत ना अजून?" होती. मी दाखवली, तेव्हा ती पुढे चालायला लागली.

त्या भादव्यात तारपा उतरला. संध्याकाळी खळ्यात फेर धरला गेला. भोंगाबाय आली आणि खळ्याच्या कडेला एका दगडावर बसली. कुणाची तिला उठवायची हिंमत झाली नाही. सोमाबाबांनी तिच्या आईची चाल धरली, आणि दगडावरून भोंगा सुरू झाला. डोंगरापर्यंत जाणारा आवाज तो, फेर काय करणार? पाय तिच्या शब्दांवर पडायला लागले. सोमाबाबांचे डोळे रागाने मोठे झाले, पण चाल संपेपर्यंत तोंड काढायचं नाही, हा नियम त्यांचाच! म्हातारा फुंकत राहिला, भोंगाबाय गात राहिली. आम्ही हसू दाबून नाचलो. चाल संपल्यावर ते तिच्यावर धावूनच गेले. ती म्हणाली, "फेरात येऊ नको बोललात. गाऊ नको कुठं बोललात?"

तो सगळा भादवा ती दगडावर बसून गायली. फेरात कुणी बोलावलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. अंगावर काढली, आणि जव्हारच्या दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. आवाज मात्र शेवटपर्यंत शाबूत होता. वॉर्डातल्या दुसऱ्या बायकांना ती खाटेवरून स्कूटी म्हणून दाखवायची. एका दुपारी मला म्हणाली, "क्याशो, मी उन्हाळ्यातच जानार दिसते. चुकीच्या टायमाला." मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. ती म्हणाली, "आयक. पोरं गाड्या आनतील, भोंगे लावतील. भादवा लावू देऊ नको. स्कूटी पन नको, काही नको. पाड्यात तारपा वाजता कामा नये."

मी चिडलो. दवाखान्यात आहोत हे विसरून मोठ्याने म्हणालो, "ज्यांनी तुला फेराबाहेर बसवलं त्यांचा नियम तू पाळणार?"

"त्यांचा कशानं? माझ्या आईचा पन हाय तो. मी भट्टीवाल्यांसाठी भांडले रं. नियमाशी कवा भांडले? पाड्यात हाय तर पाड्याचा नियम." आणि वर म्हणाली, "पन गानी काढायची नाही हां. मेले तरी नाही."

ती गेली तेव्हा भट्ट्यांवरून माणसं मिळेल त्या गाडीने आली. खोडाळ्याहून, विक्रमगडाहून डीजेवाले आले. एकेकाळी तिला शिट्ट्या मारणारी पोरं रडत होती आणि त्यांना मोठमोठे स्पीकर लावून तिला वाजतगाजत न्यायचं होतं. मी गाडीसमोर आडवा उभा राहिलो. म्हटलं, एक बटण दाबलंत तर माझ्याशी गाठ आहे. शिव्या खाल्ल्या, दिल्या. ती पोरं माझ्यापेक्षा दुप्पट अंगाची, पण मी हललो नाही. मग तिचं म्हणणं सांगितलं, तेव्हा त्यांनी स्पीकरवर ताडपत्री टाकली. जव्हार-मोखाड्यातला सगळ्यात मोठा आवाज आम्ही एकही आवाज न करता नेला. तापलेल्या वाटेवर फक्त पाय वाजत होते.

सोमाबाबा सगळ्यांच्या मागे होते. परतताना त्यांनी माझा हात धरला. "कोनी लावला नाही?"

"बायनंच सांगितलं होतं. पाड्यात तारपा वाजवायचा नाही म्हणून."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत दाबला. मग तसेच घराकडे गेले.

'भादवा' अजून मोबाइलवर आहे. काढलेला नाही, काढणार नाही, आणि पाड्यातही पुन्हा कुणी तसं बोललेलं नाही. खाली अजून कुणीतरी लिहितं की पायांचा आवाज येतो. येणारच. मी तिचंच उत्तर चिकटवतो. आता भट्टीवर जाणारी माणसं ट्रकमध्ये चढायच्या आधी माझ्या दुकानात येतात आणि फोनमध्ये 'भादवा' भरून घेतात. काहीजण दुकानासमोरच लावून बघतात. तेव्हा मी त्यांना रागावतो, "इथं नाही, तिकडं गेल्यावर."

ती गेल्यानंतरच्या पहिल्या भादव्यात तारपा उतरला तेव्हा खळ्यात सगळे आले, पण कुणाच्या अंगात जीव नव्हता. कडेचा तो दगड रिकामा होता आणि जो तो नेमका तिकडेच बघत होता. दोन चाली कशाबशा झाल्या. मग सोमाबाबांनी तिच्या आईची चाल धरली. जिथे तिचा आवाज उठायचा ती जागा आली आणि एकाही बाईच्या तोंडून शब्द फुटला नाही. पाय जड झाले. माझ्या हातातली घोळकाठी थांबली. मग शेजारचा थांबला, आणि बघता बघता सगळा फेर उभा राहिला. एकटा तारपा वाजत होता. म्हातारा उभ्या माणसांच्या मध्ये एकटाच गोल फिरत होता, गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

आणि सोमाबाबांनी तारपा तोंडातून काढला.

ऐन चालीत. पापणीवर माशी डसली तेव्हाही ज्याने काढला नव्हता, त्या माणसाने काढला. खळं एकदम सुनं झालं. त्यांनी आमच्यातल्या एकेकाकडे बघितलं आणि फाटक्या, म्हाताऱ्या आवाजात, पण अगदी तिच्याच तिरसटपणाने ओरडले,

"कोन थांबला रं? पाय चालवा!"

तारपा पुन्हा त्यांच्या तोंडाला लागेपर्यंत फेर सुरू झालेला होता.